शेंबडाची शिदोरी

मृग लागला की ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर दोन गोष्टी एकदम वाहू लागतात : ओढे आणि पोरांची नाकं. रोपं वाढली की आवणीची घाई उडते. आई चिखलात वाकलेली, धाकटं बांधावर प्लॅस्टिकच्या आडोशाला आणि त्याला कडेवर घेऊन फिरणारी सात-आठ वर्षांची ताई. ताईचं नाक वाहत असतं, धाकट्याचंही. एक बाहीनं पुसतं, दुसरं नुसतंच आत ओढतं. याला कुणी आजार म्हणत नाही. ‘पडसं झालंय’ एवढ्यावर विषय संपतो. फार तर रात्री ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छातीला शेक, नाही तर गवती चहाचा काढा.

या पडशामागे शंभराहून अधिक विषाणू असू शकतात. सर्वांत मोठा वाटा ऱ्हायनोव्हायरस नावाच्या घराण्याचा. पण साधारण दहा पडशांमागे एक-दोन पडशी कोरोनाविषाणूंची असतात. मार्च २०२० मध्ये हा शब्द पाड्यावर पोचला तो मोबाईलच्या कॉलर ट्यूनमधल्या खोकल्यातून, आणि जणू कुणी परग्रहावरचा पाहुणा कसारा लोकलमधून उतरला आहे, अशी त्याची धास्ती पसरली. त्याची चार भावंडं मात्र त्याआधीच घरोघरच्या नाकांत वस्तीला होती.

त्या चौघांची नावं रेशनकार्डावरच्या नंबरांसारखी आहेत : २२९ई, ओसी४३, एनएल६३ आणि एचकेयू१. पहिले दोन १९६० च्या दशकात सापडले. इंग्लंडात सॅलिसबरी गावाजवळ युद्धकाळातल्या एका जुन्या इस्पितळात १९४६ पासून ‘कॉमन कोल्ड युनिट’ चालायचं. धडधाकट स्वयंसेवकांनी तिथं दहा दिवस फुकट राहायचं, जेवायचं आणि नाकात दुसऱ्याच्या शेंबडाचे गाळलेले थेंब घालून घ्यायचे. सुट्टी म्हणून तिथं हौसेनं पुन्हा पुन्हा येणारेही होते! डेव्हिड टिरेल यांच्या तिथल्या चमूला एका शाळकरी मुलाच्या नाकातून आलेला विषाणू नेहमीच्या पद्धतीनं वाढवता येईना. तो जून अल्मेडा यांच्याकडे गेला. ग्लासगोतल्या बसचालकाची ही मुलगी सोळाव्या वर्षी शाळा सोडून प्रयोगशाळेत कामाला लागली होती आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हाताळण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिला त्या कणांभोवती प्रभावळ दिसली. त्या प्रभावळीवरून १९६८ मध्ये ‘कोरोना’ हे नाव रूढ झालं. एनएल६३ हा २००४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या सात महिन्यांच्या बाळात सापडला, तर एचकेयू१ २००५ मध्ये हाँगकाँगच्या संशोधकांनी जगासमोर आणला.

ओसी४३ ची गोष्ट गोठ्यातली आहे. गुरांना हगवण लावणारा एक कोरोनाविषाणू त्याचा अगदी जवळचा नातेवाईक. दोघांच्या जनुकांतल्या फरकावरून उलटा हिशेब करून बेल्जियमच्या संशोधकांनी २००५ मध्ये अंदाज बांधला, की दोघांचा सामाईक पूर्वज १८९० च्या आसपासचा असावा. १८८९-९० सालीच ‘रशियन फ्लू’ नावाची साथ जगभर फिरली होती आणि ती हिंदुस्थानातही आली होती. तो फ्लू नव्हे, गुरांकडून माणसात आलेला हाच कोरोना असेल, असं काही शास्त्रज्ञांना वाटतं. पुरावा परिस्थितीजन्य आहे, निकाल लागलेला नाही. तरी कल्पना करून पाहावी : आज ज्याला पडसं म्हणून झटकून टाकलं जातं, त्यानं एके काळी माणसं मारली असतील.

मग तो निवळला कसा? विषाणू सौम्य झाला, की माणसं त्याला सरावली? उत्तराचा बराचसा भाग त्या ताईच्या कडेवर बसला आहे.

बाळ जन्माला येतं ते आईच्या अँटिबॉडी घेऊन. नाळेतून मिळालेली ही उसनवारी चार-सहा महिन्यांत संपते. दुधातून मिळते ती भर. नंतर बाळ स्वतःच्या हिमतीवर विषाणूंना भेटू लागतं. अमेरिकेतल्या जेनी लव्हाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ च्या सुरुवातीला ‘सायन्स’मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार या चार कोरोनांशी पहिली गाठ पडण्याचं सरासरी वय ३.४ ते ५.१ वर्षं येतं. अंगणवाडीतून पहिलीत जाईपर्यंत बहुतेक मुलांची चौघांपैकी बऱ्याच जणांशी ओळख झालेली असते.

थंड देशांत हे कोरोना डिसेंबर ते मार्च-एप्रिल असे हिवाळ्यात येतात. तिथं खिडक्या बंद, हवा कोरडी, माणसं दाटीवाटीनं घरात. उष्ण कटिबंधात हे वेळापत्रक इतकं आखीव नसतं. विषाणू बाराही महिने थोडे थोडे फिरत राहतात, आणि पाऊस माणसांना एका छपराखाली कोंडतो तेव्हा त्यांना रान मोकळं मिळतं. केनियाच्या किनाऱ्यावरच्या किलिफी भागात २००९-१० मध्ये ४७ ग्रामीण कुटुंबांतल्या ४८३ माणसांच्या नाकातले नमुने सहा महिने, आठवड्यातून दोनदा घेतले गेले. मोठी घरं, भरपूर पोरं, शेती, उकाडा. वर्णन वाचताना मुरबाडच्या एखाद्या वाडीची आठवण व्हावी. हे कोरोना तिथं घराघरांत फिरताना सापडले. बऱ्याच जणांच्या नाकात विषाणू होता पण त्रास काहीच नव्हता, आणि काहींना त्या सहा महिन्यांतच तोच विषाणू पुन्हा झाला.

शहापूर आणि मुरबाडच्या पोरांची अशी आठवड्यातून दोनदा नाकं पुसायला अजून कुठली प्रयोगशाळा आलेली नाही. म्हणून इथल्याबद्दल बोलताना किलिफीचा, पुण्याचा, दिल्लीचा आधार घ्यावा लागतो आणि इथली राहणी नीट पाहावी लागते. ती पाहिली की पहिला गैरसमज गळून पडतो तो ‘दुर्गम’ या शब्दाचा.

दक्षिण अटलांटिक महासागरात ट्रिस्टन द कुन्हा नावाचं बेट आहे. वस्ती जेमतेम दोन-तीनशे. केपटाऊनहून जहाज आलं की बेटावर पडशाची साथ यायची, सगळ्यांना गाठायची आणि नवी नाकं संपली की विझून जायची. छोट्या वस्तीत विषाणू टिकत नाही. त्याला सतत नवं सरपण लागतं. चाळीस झोपड्यांचा पाडा एकटा असता तर त्याचंही ट्रिस्टन झालं असतं. पण तो एकटा नाही. आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा ही स्टेशनं रोज मुंबईत मिसळून परत येतात. मुरबाडला रेल्वे नाही, तर कल्याणची एसटी आणि खच्चून भरलेल्या जीपगाड्या आहेत. पौष पौर्णिमेला म्हशाच्या यात्रेत बैल आणि घोंगड्यांबरोबर खोकल्यांचाही बाजार भरतो. आश्रमशाळेत वेगवेगळ्या पाड्यांची मुलं एका हॉलमध्ये ओळीनं झोपतात आणि सुट्टीला आपापल्या घरी जातात. यापेक्षा चोख टपाल खातं विषाणूला मिळणं कठीण.

दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. पाच-सहा महिने भट्टीशेजारी उभ्या केलेल्या खोपटांत बिऱ्हाड, शेजारी दुसऱ्या तालुक्यातली माणसं. पावसाच्या तोंडाला सगळे परत. म्हणजे दीड वर्षाचं कातकरी मूल आणि दादरच्या पाळणाघरातलं मूल यांच्या नाकांना भेटणाऱ्या विषाणूंची यादी फार वेगळी नसावी. वेगळं असतं ते बाकीचं : वजन, लस वेळेवर मिळाली की हुकली, चुलीचा धूर आणि दवाखान्याचं अंतर.

आता कळीचा मुद्दा. या भेटींतून शरीरात उरतं काय?

सॅलिसबरीतच झालेला आणि १९९० मध्ये प्रसिद्ध झालेला एक छोटा प्रयोग याचं नेमकं उत्तर देतो. पंधरा स्वयंसेवकांच्या नाकात २२९ई सोडला. दहा जणांना लागण झाली. अँटिबॉडी काही आठवड्यांत चढल्या आणि मग हळूहळू उतरल्या. वर्षानं त्याच मंडळींना बोलावून पुन्हा तोच विषाणू दिला. आधी लागण झालेल्यांपैकी नऊ जण होते. त्यांतल्या सहा जणांना पुन्हा लागण झाली. पण पडसं एकालाही झालं नाही. विषाणू आत शिरला, थोडा वाढला आणि गुमान गेला. पुढे २०२० मध्ये ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी दहा पुरुषांचे तब्बल पस्तीस वर्षांत साठवलेले रक्तनमुने तपासले, तेव्हाही हेच दिसलं. चारही कोरोना पुन्हा पुन्हा होत राहतात. पुनर्लागण बहुधा वर्षभरानंतरची.

लहानपणी बांधून मिळालेली ही शिदोरी अशी आहे. ती लवकर संपते, वाटेत परत भरून घ्यावी लागते, पण तिच्यामुळे उपाशी मरायची वेळ येत नाही. लागण अडवणं आणि आजार अडवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बालपणीची ओळख दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा पुष्कळ चांगली करते.

मग हीच शिदोरी नव्या कोरोनाला, म्हणजे सार्स-कोव्ह-२ ला, चालली का? २०२० च्या उन्हाळ्यात ‘आमची पोरं मातीत वाढलेली, त्यांना काय होतंय’ हे वाक्य गावोगाव ऐकू येत होतं. त्याला हसण्याचं कारण नाही. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या बिथिका चॅटर्जी, गणितज्ञ राजीव करंदीकर आणि तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक असलेले शेखर मांडे यांनी त्याच वर्षी देशोदेशींची आकडेवारी ताडून दाखवलं होतं, की अस्वच्छता जास्त असलेल्या देशांत कोविडचे नोंदलेले मृत्यू लोकसंख्येच्या मानानं कमी आहेत. लंडनच्या क्रिक संस्थेला कोविड न झालेल्या ४८ मुलांपैकी किमान २१ जणांच्या रक्तात या नव्या विषाणूला चिकटणाऱ्या अँटिबॉडी सापडल्या. मोठ्यांत त्या क्वचित होत्या. टांझानिया आणि झांबियातल्या महासाथीपूर्वीच्या नमुन्यांत असं चिकटणं अमेरिकेपेक्षा बरंच जास्त आढळलं. दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेनं विषाणू कधी न भेटलेल्या भारतीयांचे नमुने पाहिले, तर निम्म्याहून अधिकांत त्याला ओळखणाऱ्या टी-पेशी निघाल्या.

हे चिकटणं म्हणजे काय, ते श्रावणात शहापूरच्या रस्त्याकडेला विकायला येणाऱ्या रानअळंबीवरून समजेल. विषाणूच्या अंगावरचा काटा अळंबीसारखा असतो : वर छत्री, खाली दांडा. पेशीला धरून आत शिरायचं काम छत्रीचं, आणि ती प्रत्येक कोरोनाची निराळी. दांडा मात्र सगळ्या घराण्यात बराचसा सारखा. पडशाच्या कोरोनांवर तयार झालेल्या अँटिबॉडी नव्या विषाणूचा दांडा पकडतात. पण दांडा पकडला म्हणून छत्रीचं काम थांबतंच असं नाही. पेन्सिल्व्हेनियाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये नेमकं हेच तपासलं : अशा जुन्या अँटिबॉडी काही लोकांत होत्या खऱ्या, पण त्या असणाऱ्यांना कोविड कमी झाला असं दिसलं नाही. टी-पेशींची बाजू थोडी बळकट आहे. त्या लागण रोखत नाहीत, पण लागण झाल्यावर आवराआवर लवकर करतात.

आणि इथल्या मुलांना लागण झाली नाही, हे तर साफ खोटं ठरलं. मुंबई महापालिकेनं एप्रिल ते जून २०२१ मध्ये दोन हजारांहून अधिक मुलांच्या रक्ताची तपासणी केली. ५१ टक्के मुलांत नव्या कोरोनाच्या अँटिबॉडी होत्या. जून-जुलैमध्ये आयसीएमआरच्या चौथ्या राष्ट्रीय सर्वेक्षणात सहा ते नऊ वयाच्या मुलांत हे प्रमाण ५७.२ टक्के निघालं, दहा ते सतरा वयात ६१.६ टक्के. तेव्हा मुलांची लस आलेलीच नव्हती, म्हणजे ही सगळी लागणीची कमाई. खेडी आणि शहरं यांत फरक जेमतेम तीन टक्क्यांचा. त्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातले बीड, परभणी, नांदेड, सांगली, अहमदनगर आणि जळगाव हे सहा जिल्हे होते, ठाणे नव्हता. पण रोज मुंबईत ये-जा करणारा शहापूर परभणीच्या मागे राहिला असेल, असं मानायला काही आधार दिसत नाही.

‘मातीतल्या’ सिद्धान्ताची दुसरी अडचण मृत्यूंच्या नोंदीची. जिथं अस्वच्छता जास्त, तिथं बहुधा मृत्यूचा दाखलाही कमी. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये भारतातल्या दोन वर्षांच्या जादा मृत्यूंचा अंदाज ४७ लाख इतका दिला. सरकारनं त्या पद्धतीवर आक्षेप घेतला, तो वाद आजही आहे. पण त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात, वयाचा हिशेब जमेस धरल्यावर, विकसनशील देशांत बाधितांमागे मृत्यू श्रीमंत देशांच्या सुमारे दुप्पट निघाले. आपल्याकडे म्हातारी माणसं कमी आहेत, हे आपल्या कमी आकड्यांचं मोठं कारण. त्यात मातीचं श्रेय किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. मार्चच्या उन्हात ‘वीस सेकंद हात धुवा’ हा सल्ला ऐकणाऱ्या, तानसा-भातसा धरणांच्या काठी राहून टँकरची वाट पाहणाऱ्या बायकांना तर अस्वच्छतेचं हे कौतुक ऐकवूच नये.

मग मुलं वाचली कशी? एक कारण त्यांच्या नाकातच सापडलं. बर्लिनच्या संशोधकांना २०२१ मध्ये दिसलं, की मुलांच्या नाकाच्या अस्तरातल्या पेशी विषाणू येण्याआधीच सावध बसलेल्या असतात; इंटरफेरॉन या इशारा देणाऱ्या प्रथिनांची हाळी तिथं मोठ्यांपेक्षा लवकर उठते. एकामागून एक पडशी झेलणारं नाक सदा जागं असणारच. याला कुणा एका विषाणूची ओळख लागत नाही. अपवादही होते : कोविडनंतर काही आठवड्यांनी अनेक अवयवांना एकदम सूज येणारा आजार थोड्या मुलांना झाला, आणि तो गंभीर होता.

दुसरं कारण वय. २००३ च्या उन्हाळ्यात कॅनडातल्या सरे शहराच्या एका वृद्धाश्रमात खोकल्याची साथ आली. १४२ रहिवाशांपैकी ९५ आजारी पडले, आठ दगावले. सार्स या जीवघेण्या कोरोना-साथीचं ते वर्ष होतं. रक्ताची तपासणीही सार्सकडे बोट दाखवत होती, आणि सगळ्यांचं धाबं दणाणलं. शोध घेतल्यावर निघाला ओसी४३! तपासणी फसली होती ती दोन्ही विषाणूंच्या आतल्या न्यूक्लिओकॅप्सिड प्रथिनाच्या सारखेपणामुळे. म्हाताऱ्या, खंगलेल्या शरीरापुढे जन्मभराची ओळखही अपुरी पडते. मग साठाव्या वर्षी पहिल्यांदाच भेटणारा कोरोना काय करेल?

शहापूरला लागून, खडवलीजवळच्या सोरगावात नोव्हेंबर २०२१ मध्ये एका वृद्धाश्रमात साठहून अधिक जणांना कोविड झाला. पण बहुतेकांनी लस घेतलेली होती, आणि अनेकांना लक्षणंही नव्हती. म्हातारपणी नव्या विषाणूशी करून दिलेली बेतशीर ओळख म्हणजे लस. ताईनं धाकट्याला न कळत जे दिलं, ते आजीला सुईतून द्यावं लागलं. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात २०१६ मध्ये आजीबाईंची शाळा निघाली, गुलाबी नऊवारीतल्या आज्या पाटी घेऊन बसू लागल्या, त्याचं जगभर कौतुक झालं. घरी अभ्यास घ्यायला नातवंडं. आजी आणि नातू एका पाटीवर वाकतात तेव्हा श्वासही एकच होतो, आणि त्या श्वासातला विषाणू दोघांना सारखा वागवत नाही.

२०२२ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी सार्स-कोव्ह-२ हा नवा राहिलेला नाही. तो बाकीच्या चौघांसारखा बालपणीच भेटतो आहे. लव्हाइन यांच्या चमूचं भाकीत हेच होतं : पहिली गाठ बालपणी पडू लागली, की तोही पडशाच्या रांगेत जाऊन बसेल. आतापर्यंतची वाट साधारण त्याच दिशेची आहे.

पण शिदोरी बांधताना मूल जगलं पाहिजे. विषाणूंच्या त्याच रांगेत आरएसव्ही आहे. मेळघाटात आदिवासी गावांमधून घरोघर फिरून झालेल्या अभ्यासानं दाखवलं, की दोन वर्षांखालच्या बाळांच्या मृत्यूंत त्याचा हात आहे आणि ते दवाखान्याच्या वहीत चढतही नाहीत. पडसं छातीत उतरतं आणि न्यूमोनिया होतो, तो बहुतेकदा कमी वजनाच्या, धुरात वाढणाऱ्या, गोवराची लस हुकलेल्या मुलाला. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी गावातल्याच माणसांना न्यूमोनिया ओळखायला आणि गोळ्या द्यायला शिकवलं, आणि बालमृत्यू घटले. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’नं ते छापलं. स्टेथोस्कोप नव्हता, श्वास मोजायचे, एवढंच.

ती रीत आता आशाताईच्या पिशवीत आहे. पाड्यावर शेंबडं बाळ दिसलं की त्याला शांत करायचं, झबलं वर करायचं आणि घड्याळाकडे पाहत पूर्ण एक मिनिट पोट किती वेळा हलतं ते मोजायचं. दोन महिन्यांच्या आत असेल तर साठ, वर्षाच्या आत पन्नास, पाच वर्षांच्या आत चाळीस. आकडा तिथं पोचला किंवा बरगड्यांखाली खड्डा पडू लागला, की ओव्याची पुरचुंडी बाजूला ठेवायची आणि गाडी बोलवायची.